दोर सुटला नव्हता

मी जन्मभर हळू आवाजात बोलत आलो. वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत माझा शब्द क्वचितच पोहोचला, आणि स्वतःच्या लग्नात भटजींनी मला "मोठ्यानं म्हणा" असे सुनावल्याचे घरात अजून सांगतात. हळू बोलणाऱ्या माणसाला लोक सालस समजतात. तो समज सोयीचा असल्यामुळे मी तो कधी मोडला नाही. परंतु आयुष्यातले सर्वांत वाईट खोटे मी याच सालस आवाजात बोललो आहे. दसऱ्याचा दिवस होता, खोली झेंडूच्या वासाने भरली होती, आणि एका वयस्क माणसाने चारचौघांत मला विचारले होते, "मास्तर, सगळं भरलं व्हतं ना?"

मी म्हणालो, "हो चाचा. नेहमीसारखंच."

ते नेहमीसारखे नव्हते. त्या विमानातली पोती मी सकाळीच काढून टाकली होती.

पोती खरी नव्हती आणि विमानही खरे नव्हते. संगणकाच्या पडद्यावरचा तो एक खेळ होता. या एका वाक्याच्या आडोशाला मी कितीतरी वर्षे लपून राहिलो. चाचा मात्र खरे होते, आणि त्यांनी त्या खेळावर जे लावले होते तेही खरे होते.

भोरमध्ये त्यांना सगळे हवालदारचाचा म्हणत. पोलिसांतले नव्हेत, फौजेतले. घर भाटघरला, धरणाच्या अलीकडे. उंच, वाकायला तयार नसलेली देहयष्टी, मेंदीने रंगवलेली दाढी, आणि सायकलीच्या दांडीला कायम अडकवलेले दोराचे वेटोळे. त्या वेटोळ्याचे काम काय, हे भोर रस्त्यावरच्या प्रत्येक टेम्पोवाल्याला ठाऊक होते. मालाने भरलेली गाडी दिसली की चाचांची नजर आधी दोरावर जाई. गाठ मनासारखी नसेल तर ते सायकल आडवी घालून गाडी थांबवत, वर चढत, दुसऱ्याने बांधलेले सगळे सोडत आणि पुन्हा बांधत. त्याबद्दल कोणाकडून त्यांनी कधी चहासुद्धा घेतला नाही. शिव्या मात्र ते मोकळ्या हाताने देत.

माझी त्यांची ओळख अशीच झाली. नव्वदचे दशक सरत आले होते आणि भोरमध्ये संगणकाचा क्लास काढण्याचे मी ठरवले होते. पुण्याहून यंत्रे घेऊन टेम्पो निघाला, मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो, आणि भाटघरला एका सायकलीने आमची वाट अडवली.

"ह्यात काय हाय?"

"कॉम्प्युटर आहेत, चाचा."

"काचंचं हाय का?"

"पुढून काच आहे."

"आन् सुतळीनं बांदलंय? कुनी बांदलं?"

"दुकानदारानं."

"त्याला म्हनावं, तुज्या बापाला तिरडीवर तरी नीट बांद." एवढे बोलून ते चाकावर पाय देऊन वर चढले. बांधून झाल्यावर खाली उतरायला तयार होईनात. खोक्यांवर मांडी घालून ते तसेच भोरपर्यंत आले आणि सगळी यंत्रे टेबलांवर चढेपर्यंत माझ्या दारात उभे राहिले.

एकदा मी वेल्ह्याच्या एसटीत होतो. विंझरला गाडी सुटेना म्हणून बाहेर डोकावलो तर चाचा टपावर. बहिणीकडे आले होते म्हणे, आणि जाता जाता टपावरचे बोचके त्यांना सैल दिसले होते. कंडक्टर खालून ओरडत होता, "ओ चाचा, उतरा खाली! गाडी लेट झाली!"

"लेट झाली तर पोचंल," वरून उत्तर आले. "सुटलं तर न्हाई पोचनार."

आतली एक बाई कंडक्टरलाच म्हणाली, "बांदू द्या वो. परवा माजी कोंबड्याची पाटी घाटात पडली, तवा तुमी थांबला व्हता का?"

हे सारे हसण्यावारी नेण्यासारखे होते आणि आम्ही ते तसेच नेले. त्या दोराच्या मुळाशी काय आहे, हे मला नंतर कळले.

फौजेत चाचांचे काम विमानातून रसद टाकण्याचे होते. ईशान्येच्या डोंगरांत ज्या ठाण्यांना रस्ता नव्हता, तिथे डकोटा विमाने तांदूळ, आटा, मीठ घेऊन जात. डकोटा म्हणजे दोन पंख्यांचे, जाड पोटाचे, दुसऱ्या महायुद्धातले विमान. पोटात पोती रचायची, दोरांनी जखडायची, आणि ठाणे खाली आले की दोर सोडून डावीकडच्या उघड्या दारातून ती पायाने बाहेर लोटायची. चाचांची उमेदीची वर्षे त्या दाराशी गेली. इंजिनांनी त्यांचे अर्धे कान नेले. एके दिवशी त्यांनी पोती रचली, दोर बांधले, आणि अंगात ताप निघाला म्हणून त्यांना खाली उतरवले गेले. त्यांच्या जागी दुसरा जवान चढला. ते विमान एका अरुंद दरीत शिरले आणि बाहेर आले नाही. समोरच्या डोंगराच्या धारेवर आदळले. कोणी वाचले नाही.

चौकशीत कोणाचाच दोष निघाला नाही. परंतु पलटणीच्या चुलीपाशी एक गोष्ट शिजली: दोर सुटला, पोती मागे घसरली, शेपूट जड झाले, म्हणून विमान चढले नाही. त्याच पलटणीतले एक गृहस्थ निवृत्त होऊन कामथडीला आपल्या गावी आले, आणि ती गोष्टही त्यांच्याबरोबर आली. त्यांना आपण कामथडीकर म्हणू. माणूस वाईट नव्हता, पण जिभेला खाज. लग्नाच्या पंगतीत चाचा दिसले की म्हणायचे, "हवालदाराला मांडवाचा दोर धरू देऊ नका रं, मांडव खाली येईल."

चाचा पंगतीतूनच गरजत. "मांडव यील खाली, पन गाठ न्हाई सुटायची! तुज्या तोंडाला एक मारून दावू का?"

लोक हसत. चाचा पानावरून उठत नसत. हट्टाने दुसऱ्यांदा जिलबी मागून घेत आणि कामथडीकरांकडे बघत ती संपवत.

क्लासमध्ये ते येत ते आपण बांधून आणलेल्या यंत्रांची खुशाली बघायला. एका दुपारी वर्ग रिकामा होता आणि मी विमान उडवण्याचा एक खेळ लावून बसलो होतो. त्यात जुनी लष्करी विमानेही होती. मागून आवाज आला, "ह्यात डकोटा हाय का?"

होते. मी ते पडद्यावर आणले. चाचा पडद्याला नाक लागेल इतके जवळ आले. मग म्हणाले, "दार का लावलंय? आमचं दार काडून ठिवल्यालं असायचं." आणि मी उड्डाण करून दाखवल्यावर म्हणाले, "ह्यो डकोटा न्हाई. डकोटाचा फोटो हाय. फुलपाखरावानी उडतोय."

त्या खेळातल्या प्रत्येक विमानाची एक साधी मजकुराची फाइल असते, हे मला खटपट करताना समजले. विमानाचे वजन, इंजिनांची ताकद, माल कुठे आणि किती, हे सारे त्यात आकड्यांनी लिहिलेले असते, आणि आकडा बदलला की विमानाचा स्वभाव बदलतो. मी हे चाचांना सांगितले. दुसऱ्या दिवसापासून ते रोज येऊ लागले.

"इंजानाचा दम कमी करा."

"किती करू?"

"म्हातारा करा त्याला. आमाला भेटला तवा त्यो म्हाताराच व्हता."

मी आकडा उतरवत असे, ते उडवून बघत. "आजून तरणा हाय," म्हणत. पुन्हा उतरवायचा. माल भरण्याच्या दिवशी त्यांनी माझ्या वर्गातली बाके ओळीने लावून विमानाचे पोट तयार केले आणि चालत चालत सांगितले, "हितं तांदूळ. मीठ पंखांच्या मधी, ते जड असतंय. हितं आटा. हितं म्या बसायचो." मी ते सगळे त्याच जागी भरले. आज मागे वळून पाहताना वाटते, इतक्या मनापासून मी दुसरे कोणतेही काम केले नाही. म्हणूनच पुढे जे केले त्याला सबब नाही.

त्यांच्या उडवण्याची रीत जगावेगळी होती. आधी चपला काढत. मग टेबलाभोवती एक फेरी, प्रत्येक वायर ओढून बघत, यंत्राच्या पाठीशी हात धरून "पंखा फिरतोय" अशी स्वतःलाच वर्दी देत. आणि खुर्चीत बसल्यावर पडद्यावरचे दृश्य डावीकडे वळवून घेत. समोर बघून विमान उडवणे त्यांना जमतच नव्हते. आयुष्यभर त्यांनी आकाश पाहिले ते डाव्या दारातून. पुढचे मी बघून सांगायचे.

"म्होरं काय हाय?"

"डोंगर आहे, चाचा."

"त्यो हायच. कवाचा हाय. लांब का जवळ?"

"जवळ आला!"

"वरडू नका. तुमाला वरडाय कुठं येतंय?"

खेळातल्या डोंगरांवर त्यांचा विश्वास नव्हता. ईशान्येकडे जाण्याआधी त्यांनी मला वेल्ह्यावरून विमान न्यायला लावले. "ज्या नकाशात तोरणा न्हाई, त्या नकाशाचं म्या काय बी ऐकनार न्हाई." आम्ही तोरण्याच्या जागी पोहोचलो. तिथे एक हिरवा, गुळगुळीत उंचवटा होता. तट नाही, बुरूज नाही. चाचांनी त्याला दोन घिरट्या घातल्या. "बसका हाय," ते म्हणाले. "पन हाय." आणि लगेच त्यांचे डोळे चमकले. "मंजे ह्यांनी समदेच डोंगर बसके केल्यात. तरीबी जर माझा डकोटा दरीतनं निघाला न्हाई, तर कामथडीवाला काय म्हननार?"

तेव्हा मला समजले की ते खेळत नव्हते. आपली गाठ निर्दोष ठरवण्यासाठी त्यांना विमान पाडायचे होते. दोर जागच्या जागी, पोती जागच्या जागी, एकही किलो हललेला नाही, आणि तरीही त्या दरीतून ते विमान बाहेर येऊ शकत नाही, असे त्यांना दाखवायचे होते. मेलेल्या पायलटवरही त्यांना बालंट येऊ द्यायचे नव्हते. "साहेबानं काय काय केलं असंल, समदं करून बगायचं," असे म्हणून ते प्रत्येक वाट चोखाळत. डावीकडे वळून बघत, उजवीकडे वळून बघत, लवकर चढायला घेत, दरीच्या भिंतीला घासून जात. प्रत्येक वेळी धार आडवी येई आणि विमान आदळे. मग चाचा मांडीवर थाप मारत. "बगा! न्हाई निघत! कुनाच्या बापाच्यानं न्हाई निघत!" आणि सगळ्या वर्गाला चहा सांगत. मुलांना त्याची इतकी सवय झाली की स्फोटाचा आवाज आला की कोणी तरी कपबशा गोळा करायला उठे.

एकदा मी विचारले, "आणि निघालं तर?"

त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "एकदा जरी निघालं ना मास्तर, तरी मंग दोर माझाच सुटला व्हता. मंग कामथडीवाला खरा."

खेळातल्या आकड्यांनी खऱ्या डोंगरातले सत्य ठरत नसते, हे मला कळत होते. कदाचित त्यांनाही कळत असेल. परंतु ज्या गोष्टीवरून लोकांनी त्यांना दोषी धरले होते, तिला तर आकडेही नव्हते. चुलीपाशी सुचलेली कथा जर माणसाला आयुष्यभर खाली बघायला लावू शकते, तर त्याने पडद्यावरच्या विमानाची साक्ष काढली तर कोणाचे काय बिघडले? आज मी हे ठासून म्हणू शकतो. तेव्हा मी म्हातारपणीचा छंद म्हणून मान डोलवत होतो.

मग तो दसरा आला. क्लासमध्ये यंत्रांची पूजा, झेंडूचे हार, आपट्याची पाने. पालक येणार होते, आणि तालुक्यातले एक पुढारी पाहुणे म्हणून येणार होते. त्यांनी आदल्या दिवशी निरोप धाडला की ते विमानवाले चाचा आहेत म्हणे, त्यांचे विमान बघू. मी चाचांना म्हणालो, "उद्या भोरवरून एक साधी चक्कर मारा. धरण, तोरणा, आणि खाली."

"न्हाई. कामथडीवाल्याला बोलवून आलोय. म्हनलं ये, तुज्या डोळ्यांदेखत पाडतो."

"चाचा, सणाचा दिवस आहे. हार घातलेल्या यंत्रावर विमान पडलेलं लोकांना बरं नाही वाटायचं. अपशकुन म्हणतील."

"मास्तर," ते इतक्या शांतपणे म्हणाले की मला मान वर करवेना, "ते पडल्यालंच हाय. म्या काय नव्यानं पाडतोय?"

यावर मी "बरं" म्हणालो. हळू बोलणारी माणसे भांडत नाहीत. ती पाठीमागून करतात. सकाळी पूजा आटोपली, पाहुणे यायचे होते, आणि बोटाला कुंकू तसेच असताना मी ती फाइल उघडली. मागच्या बाजूची सगळी पोती काढली. इंजिनांना त्यांचा तरुणपणचा दम परत दिला. एका दिवसापुरते, असे मी मनाशी म्हणालो. शून्याच्या बटणावर कुंकवाचा डाग उमटला. तो तसाच ठेवून मी फाइल बंद केली.

लोक जमले. पुढारी पहिल्या खुर्चीत, कामथडीकर भिंतीशी हाताची घडी घालून. चाचा इस्त्रीचा सदरा घालून आले होते. दोराचे वेटोळे त्यांनी खिळ्याला अडकवले, चपला काढल्या, फेरी घातली, पंखा फिरतो आहे याची वर्दी दिली. विमान उठले. दरीच्या तोंडाशी ते पुटपुटले, "आज लई खुशीत हाय ह्यो."

"म्होरं काय हाय?"

"डोंगर."

पडद्यावर डावीकडचे दृश्य होते. दरीची भिंत खाली खाली जात होती, जशी ती कधी गेली नव्हती. मग धार आली, पंखाच्या खालून सरकली, आणि मागे गेली. पलीकडे नुसते आभाळ होते.

टाळ्या पडल्या. पुढारी म्हणाले, "वा! ह्याला म्हणतात फौजी." कामथडीकर मात्र टाळ्या वाजवत नव्हते. ते पुढे झाले, आणि त्यांच्या आवाजात पंगतीतली मस्करी नव्हती. "निघालं की रं, हवालदार."

चाचांनी माझ्याकडे वळून तो प्रश्न विचारला. मी ते उत्तर दिले. त्यांनी क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहिले आणि ते खरे मानले, कारण मी सालस होतो.

"मंजे निघत व्हतं," ते म्हणाले. चपला घालून बाहेर पडले. दोर खिळ्यालाच राहिला.

दुसऱ्या दिवशी मी सगळे आकडे पूर्ववत केले आणि एकट्याने ते विमान उडवले. ते पडले. मी कोणाला चहा सांगितला नाही.

त्या दसऱ्यानंतर क्लासला मुले वाढली. चाचा आले नाहीत. उद्या जाऊन सांगू असे म्हणता म्हणता तो उद्या दूर जात राहिला. खोटे सांगायला मला एक क्षण लागला होता. ते मागे घ्यायला जो क्षण लागणार होता तो मात्र मला रोजच फार मोठा वाटे. एकदा चाची बाजाराला आल्या होत्या, त्या क्लासच्या पायरीशी थांबल्या.

"मास्तर, काय केलं वो तुमी त्यांचं? ह्यांनी गाठ मारायची सोडली. शेळीसुदीक मोकळी सोडत्यात. परवा शेजाऱ्याचा घेवडा खाल्ला तिनं, आन् भांडान मी ऐकलं."

"मी काही नाही केलं, चाची."

"मंग असं कसं झालं?"

याही वेळी मी हळूच बोललो होतो, आणि याही वेळी माझ्यावर विश्वास ठेवला गेला.

भाटघरवरून जाताना चाचा मला चहाच्या टपरीपुढच्या बाकावर दिसत. समोरून कडब्याचे, पत्र्यांचे, मांडवाच्या सामानाचे टेम्पो जात. ताडपत्र्या फडफडत, दोर लोंबत. चाचा बघत आणि बघून दुसरीकडे मान वळवत. पूर्वी हाच माणूस सायकल आडवी घालत असे. मी एसटीच्या खिडकीतून हे पाहिले आणि खिडकी लावून घेतली. असे एकदा नाही, पुष्कळदा केले.

पुढे क्लासचे दिवस सरले. घरोघरी संगणक आले, मोबाईल आले, आणि मी पुण्याला एका संस्थेत नोकरी धरली. खोली रिकामी करताना खिळ्यावरचे वेटोळे हातात आले. ते मी टेम्पोत पुढे बसून मांडीवर घेतले. मागे हमालांनी यंत्रे भरून नायलॉनची दोरी कशीबशी गुंडाळली होती. आणि टेम्पो भाटघरला आला तेव्हा बाकावर ते होते. दाढीला मेंदी नव्हती. त्यांनी एके काळी ज्या यंत्रांवर बसून भोरपर्यंत प्रवास केला होता, तीच यंत्रे सैल दोरीत हिंदकळत समोरून येत होती. त्यांनी ती पाहिली. आणि मान वळवली.

मी ड्रायव्हरला थांबायला सांगितले.

"कोन? मास्तर? निगालात?"

मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि सगळे सांगितले. माझ्या नेहमीच्या आवाजात.

त्यांनी कानाशी हात नेला. "काय? ऐकू येत न्हाई."

टपरीवाला हसून म्हणाला, "मोठ्यानं बोला वो! इंजानानं कान खाल्ल्यात त्यांचे."

मी पुन्हा सांगितले, थोडे मोठ्याने. या वेळी ते पोहोचले, हे त्यांच्या हातातल्या कपावरून कळले. तो हलायचा थांबला. मला वाटले, आता मारतील. मारले असते तर मला बरे वाटले असते.

"काय काय काडलं व्हतं?"

"मागची सगळी पोती. आणि इंजिनांना दम दिला होता."

"आन् पुन्ना भरल्यावर?"

"दुसऱ्या दिवशी भरून उडवलं. पडलं. त्यानंतरही पुष्कळदा उडवलं, चाचा. एकदाही निघालं नाही."

"मंग एवडी वर्सं तुमी गप बसला."

त्यांनी कप ठेवला. गुडघ्यांवर हात टेकून उठले, माझ्याकडे न बघता टेम्पोपाशी गेले आणि नायलॉनच्या दोरीला एक हिसका दिला. ती सुटून त्यांच्या हातात आली.

"कुनी बांदलंय हे?" भाटघरच्या रस्त्याने कित्येक वर्षांत न ऐकलेला तो आवाज होता. ड्रायव्हर दचकून खाली उतरला. "काचंचं सामान हाय! तुज्या बापाला असं बांदशील का? दोर कुठाय?"

मी वेटोळे पुढे केले. त्यांनी ते ओळखले आणि खांद्यावर टाकले. चाकावर पाय दिला, पाय घसरला, ड्रायव्हर हात द्यायला गेला तर त्याला कोपराने बाजूला सारून ते वर चढले. आणि वरून, दोर ओढता ओढता, म्हणाले, "मास्तर. आता बोला."

"काय बोलू, चाचा?"

"हितं काय म्हनलात ते. म्या बांदतो तवर बोलायचं. आन् मोठ्यानं."

"तुम्हाला ऐकू आलं ना पण?"

"मला आलं. कामथडीवाला आजून जित्ता हाय. त्याला ऐकू गेलं पायजे." त्यांनी गाठ दातात धरून आवळली आणि हाताने दिशा दाखवली. "तोंड तिकडं करा. कामथडी तिकडं हाय."

टपरीवरची माणसे उठून रस्त्यावर आली होती. मागे एक एसटी उभी राहिली होती आणि खिडक्यांतून डोकी बाहेर आली होती. मी त्या दिशेला तोंड केले, आणि जन्मात पहिल्यांदा, छाती दुखेपर्यंत ओरडलो:

"पोती मी काढली होती! विमान निघत नव्हतं! हवालदारांचा दोर सुटला नव्हता! चाचा, मी खोटं बोललो, मला माफ करा!"